मिर्तोच्या गालातलं नाणं

समुद्रापलीकडच्या ग्रीस देशात खिसा शिवायची युक्ती अजून कुणालाच सुचली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट.

तिथले लोक अंगाभोवती एक लांबरुंद कापड गुंडाळायचे, खांद्यावर टाचायचे, की झाला पोशाख! आता अशा माणसाने बाजारात जाताना सुटे पैसे ठेवायचे कुठे? मुठीत धरावे तर टोपली कशी उचलणार? कमरेला थैली लटकवावी तर चोरांची चंगळ. म्हणून आख्खा देश सुटे पैसे तोंडात ठेवायचा. हो, तोंडातच! गालाच्या आत, दाढांच्या शेजारी. त्यांचं चांदीचं नाणंही इवलंसं असायचं, चिंचोक्याएवढं. त्याला ते ओबोल म्हणायचे.

त्यामुळे बाजारात कुणी धड बोलत नसे. मसुराचा भाव विचारायचा तरी तोंडात गरम भजं धरल्यासारखं विचारायचं. एकदा म्हणे एका कोळ्याला शिंक आली आणि त्याचा ओबोल उडून थेट समोर जांभई देणाऱ्या न्हाव्याच्या तोंडात गेला. ज्याच्या तोंडात त्याचं नाणं, असा बाजाराचा नियम. आठ दिवस भांडण चाललं. न्हावी तोंड उघडेना, आणि तोंड उघडल्याशिवाय त्याला आपली बाजू मांडता येईना!

या ओबोलचं आणखी एक काम होतं. आपल्याकडे जशी वैतरणी, तशी त्यांच्याकडेही मेल्यावर एक नदी ओलांडावी लागे. तिथे एक म्हातारा नावाडी असे. दाढी गुडघ्यापर्यंत आणि स्वभाव महाखडूस. भाडं एक ओबोल. राजा असो की हमाल, भाडं तेवढंच; घासाघीस बंद. ज्याच्याकडे ओबोल नाही, त्याने काठावरच्या चिखलात शंभर वर्षं उभं राहायचं. म्हणून माणूस गेला की त्याच्या तोंडात आपण तुळशीपत्र ठेवतो, तसा ते लोक ओबोल ठेवायचे. आणि तो जवळच्या माणसाने आपल्या हाताने ठेवायचा, अशी रीत होती.

तर त्या देशातल्या एका बंदराच्या गावात मिर्तो नावाची म्हातारी होती. सुके अंजीर विकायची. नवरा कुंभार होता, तो वारला तेव्हा तिने आपल्या हाताने त्याचा जबडा उघडून जिभेखाली ओबोल ठेवला, हनुवटी हलकेच वर करून तोंड मिटवलं. मग हात धुता धुता तिच्या मनात आलं, ‘ह्यांचं झालं. पण माझ्या तोंडात कोण ठेवणार?’

पोरबाळ नव्हतं. भाऊ होता, तो केव्हाच परदेशी जाऊन हरवला होता. मिर्तो ओले हात तसेच धरून बराच वेळ उभी राहिली.

अंजीर विकून तिला मिळायचे ते तांब्याचे बारीक तुकडे, त्यातले बरेचसे जवाच्या पिठात जायचे. तरी तिने पोट मारून हिवाळाभर साठवलं, सराफाकडे जाऊन एक चांदीचा ओबोल घेतला आणि डाव्या गालात ठेवला. कुणी ठेवायलाच नको! कधीही, कुठेही मरण आलं तरी भाडं तोंडात तयार.

तेव्हापासून अकरा वर्षं तो ओबोल तिथून हलला नाही.

आता हे वाटतं तितकं सोपं नाही. मिर्तो उजव्या दाढेने जेवायची. झोपताना डाव्या कुशीवर झोपायची, नाणं घशात घसरू नये म्हणून. गाणं तिने सोडलं. हसणं त्याहून धोक्याचं, म्हणून तेही सोडलं. बोलणंसुद्धा हळूहळू बंद पडलं. गिऱ्हाईक आलं की ती बोटांनी भाव दाखवायची, आणि कुणी “बरी आहेस ना गं?” असं विचारलं तर फक्त मान हलवायची. गावातल्या नव्या लोकांना ती मुकीच वाटे.

तिच्या शेजारी फानो नावाची कांदेवाली बसायची. धिप्पाड, गोल चेहऱ्याची, आणि जीभ अशी की उन्हाळ्यात तिच्यामुळे वारा सुटावा. सकाळी टोपली टेकवली की तिचं सुरू व्हायचं, “अगं मिर्तो, काल आमच्या हिने काय केलं माहितेय का?” आणि दिवस मावळेपर्यंत ती ‘ही’ कोण ते काही कळायचं नाही. मिर्तो मान हलवायची. अशा रीतीने फानोने अकरा वर्षं मिर्तोशी एकटीनेच गप्पा मारल्या.

एका वर्षी, हिवाळ्याच्या तोंडावर तिकडचे पावसाळी वारे सुटायच्या सुमाराला, समुद्रात मोठं वादळ झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी चार कोळी एका फळीवर एक माणूस घालून बाजारात घेऊन आले. जवान पोरगा. दाढी नुकती दाट व्हायला लागलेली, एक खांदा निखळलेला, ओठ मिठाने फाटलेले.

“खडकात अडकला होता,” कोळ्यांचा म्होरक्या म्हणाला. “कुठला कोण, देवाला ठाऊक. पण पुरायला तर हवा. मूठमूठ माती आम्ही घालू. कुणीतरी ओबोल द्या बाबांनो, बिचाऱ्याच्या नावेपुरता.”

आणि काय चमत्कार! एवढा गजबजलेला बाजार, पण एका क्षणात सगळ्यांची तोंडं मिटली. कारण उघड आहे, तोंड उघडलं की नाणं दिसणार. तेलवाल्याने दोन्ही ओठ आत ओढून घेतले. पाववाला आभाळाकडे बघायला लागला. सराफाचे तर दोन्ही गाल टम्म फुगलेले, त्याने त्यांवर हात ठेवून दाढ दुखत असल्याची खूण केली.

“तुझ्याकडे?” म्होरक्याने तेलवाल्याला विचारलं.

“अंहं,” तेलवाला नाकातून म्हणाला, आणि त्याच्या तोंडात नाणं दातावर आपटून टण्णकन वाजलं.

एकट्या फानोने तोंड चांगलं वीतभर उघडून दाखवलं. “हे बघा! आहे का काही? सकाळपासून एक कांदा खपला नाही माझा. असता तर दिला असता!”

म्होरक्याने खांदे उडवले. “चला रे. जाऊ दे रिकाम्या तोंडाने. त्याचं नशीब.”

रिकाम्या तोंडाने! अकरा वर्षं ज्या शब्दांना भिऊन तिने तोंड मिटलं होतं, तेच शब्द भर बाजारात एका परक्या पोराच्या वाट्याला आले होते. तिची जीभ आपोआप डाव्या गालाकडे गेली. ओबोल जागेवर होता, गुळगुळीत, कोमट, तिच्याच अंगाचा एक अवयव झाल्यासारखा.

‘दिला तर मी काय करू?’ तिने स्वतःला विचारलं. ‘पुन्हा साठवायला आख्खा हिवाळा जाईल. तो तरी माझ्या नशिबात आहे का?’ तिने मान खाली घातली, अंजीर उगाच इकडचे तिकडे केले. कोळ्यांनी फळी उचलली. पोराचा एक हात फळीवरून खाली लोंबत होता आणि त्यांच्या चालीबरोबर झुलत होता. कुणाचाच नसल्यासारखा.

मिर्तो उठली. टोपली लवंडली, अंजीर घरंगळले. तिने म्होरक्याचं कापड धरून त्याला थांबवलं आणि सगळ्या बाजारासमोर तोंडात बोट घालून ओबोल काढला. अकरा वर्षांत त्याच्यावरचा घुबडाचा छाप झिजून नुसती चांदी उरली होती.

“मिर्तो!” फानो ओरडली. “अगं, हे होतं होय तुझ्या गालात? मला वाटलं गळू आहे!”

मिर्तो फळीशी गुडघे टेकून बसली. नवऱ्याचं केलं होतं तसंच केलं. जबडा हलकेच उघडला, जिभेखाली ओबोल ठेवला, हनुवटीला हात लावून तोंड मिटवलं.

आणि पोराने तिचं बोट कचकन चावलं.

मिर्तो किंचाळली! म्होरक्याने दोन पावलं मागे उडी मारली ती सरळ माठवाल्याच्या माठांवर. फळीवरचा पोरगा उठून बसला, खोकला, नाकातोंडातून हंडाभर खारं पाणी ओकला (दोन मासेही निघाले असं काही जण सांगतात, पण तेवढं सोडून द्या), मोठा श्वास घेतला, आणि त्या श्वासाबरोबर ओबोल गट्टम् गिळून टाकला.

“काय दिलंत हे?” डोळे पांढरे करत त्याने विचारलं. “औषध?”

सगळा बाजार हसायला लागला आणि इतका वेळ दडवलेली नाणी पटापटा जमिनीवर पडायला लागली. तेलवाल्याची दोन, पाववाल्याचं एक, सराफाची तर सतरा.

मिर्तो मात्र पोराच्या पोटाकडे बघत होती.

वैद्याला बोलावलं. त्याने पोराचा खांदा जागेवर बसवला, पोटावर टिचक्या मारल्या आणि गंभीरपणे सांगितलं, “मसूर. दोन्ही वेळा मसुराचं कालवण. आणि वाट बघा.”

“मिर्तो, सांभाळ गं,” फानो डोळे पुसत म्हणाली. “तुझं नाणं आता दोन पायांवर चालतंय!”

मग मिर्तोने काय केलं? पोराला घरी नेलं. खरं सांगायचं तर दयेपोटी नव्हे, नाण्यापोटी. तो उंबऱ्याबाहेर पडला की ही मागोमाग. तो झाडामागे गेला की ही झाडापुढे उभी.

पोराचं नाव निकोन. समोरच्या बेटावरचा, तेच बेट जे स्वच्छ दिवशी टेकडीवरून निळ्या डागासारखं दिसतं. घरी आई, बायको आणि बायकोच्या पोटात पाहुणा. “मावशी,” तो पहिल्या दिवशी म्हणाला, “तू बोलत का नाहीस?”

मिर्तो सवयीने मान हलवणार होती. मग तिच्या लक्षात आलं, गालात काहीच नाही. तिने हळूच जीभ फिरवली. तोंड केवढं मोठं लागत होतं, सामान हलवलेल्या खोलीसारखं!

“कशाबद्दल बोलू?” ती म्हणाली, आणि स्वतःचाच आवाज ऐकून दचकली.

“कशाबद्दलही.”

एकदा सुरू झाली आणि काय सांगावं! अकरा वर्षांचं तुंबलेलं बोलणं ते. नवरा कसा होता, मडकी कशी वाकडी करायचा आणि वरून म्हणायचा की पाणी मडक्याला हसत नाही, भाऊ लहानपणी शेळीवर बसून समुद्रात कसा शिरला होता, पाववाला वजनात कसा मारतो, सगळं, सगळं. निकोन मसूर खायचा आणि हसायचा. मसूर संपला की ताट पुढे करायचा. चौथ्या दिवशी मिर्तोच्या ध्यानात आलं की आज आपण नाण्याची चौकशीच केली नाही.

पाचव्या दिवशी सकाळी निकोन झाडामागून नाचत आला. “मावशी! उतरला!”

त्याने ओबोल राखेने घासला, समुद्राच्या पाण्यात सात वेळा धुतला आणि तिच्या तळहातावर ठेवला. मिर्तोने तो उलटसुलट करून पाहिला. वास घेतला. पुन्हा धुवून आणला.

त्याच वेळी खाली बंदरावर शिंग वाजलं. हिवाळा सुरू होण्याआधीची शेवटची नाव दुपारी बेटाकडे निघणार होती. त्यानंतर समुद्र बंद. मग थेट वसंतात पहिली नाव.

निकोनने एकदा बंदराकडे पाहिलं आणि पाठ फिरवली. “मी इथेच काहीतरी काम बघतो, मावशी. हा खांदा बरा झाला की.”

“नावेचं भाडं किती?”

“ते राहू दे.”

“मी किती ते विचारलं.”

“एक ओबोल,” तो जमिनीकडे बघत म्हणाला. “तिकडे त्यांनी मला बुडाला असंच धरलं असेल. आई रिकामी कबर बांधायला घेईल. आमच्याकडे तशी रीत आहे. आणि तिला, माझ्या बायकोला, दिवस भरत आले आहेत.”

मिर्तो बाकावर बसली. मूठ मिटली होती, मुठीत ओबोल. पहिल्या वेळी निदान विचार करायला फुरसत नव्हती. फळी निघाली होती. आता मात्र दुपारपर्यंतचा वेळ होता आणि विचार नको म्हटलं तरी येत होते. मेलेल्याला दिला तेव्हा वाटलं होतं, हा आपल्यासारखाच बापडा. आता समोर जिवंत, हट्टाकट्टा, घरदार असलेला पोरगा होता. त्याच्यासाठी आपण चिखलात शंभर वर्षं उभं राहायचं?

तिने निकोनकडे पाहिलं. तो काही मागत नव्हता. कण्हत कण्हत चुलीसाठी काटक्या मोडत होता, एका हाताने.

“निकोन,” ती म्हणाली, “माझ्या नावाड्याला घाई नाही. तुझा थांबायचा नाही. ऊठ.”

“मावशी, नको. तुझं भाडं आहे ते.”

“भाडंच आहे. नावेलाच जाणार. तोंड उघड.”

निकोनने तोंड उघडलं. तिने ओबोल त्याच्या गालात ठेवला. “आणि या वेळी गिळू नकोस, गाढवा.”

त्याला काही बोलता येईना. तोंडात नाणं होतं म्हणूनच, असं आपण धरून चालू. त्याने वाकून तिच्या पायांना हात लावला आणि उतारावरून धावत सुटला. मिर्तो टेकडीवर गेली आणि नाव निळ्या डागात विरघळेपर्यंत उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी ती बाजारात बसली आणि ओरडली, “अंजीर घ्या, अंजीर! खाताना तोंड पुसायला पाहुणा बोलवावा लागेल, असे गोड अंजीर!”

फानोच्या हातातून कांदा पडला.

त्यानंतरचे दिवस बाजाराने कधी पाहिले नव्हते. मिर्तो ओरडायची, फानो तिच्यावर ओरडायची. सावलीच्या जागेवरून दोघींचं पहिलं भांडण झालं, अकरा वर्षांत पहिलं, आणि दोघींनी ते तीन दिवस पुरवून पुरवून खाल्लं. गिऱ्हाइकं वाढली ती अंजिरांसाठी की भांडणासाठी, ते सांगता यायचं नाही. फानो ‘ही’ची गोष्ट सांगायला लागली की मिर्तो आता मध्येच विचारायची, “पण ही म्हणजे कोण?” ती फानोची जाऊ निघाली.

मग थंडी आली, आणि ऐन थंडीत मिर्तो अंथरुणाला खिळली. अंग तापलेलं, छाती घरघरते. एक दिवस गेला, दुसरा गेला. चूल विझली. पाण्याचा माठ हाताच्या अंतरावर होता, पण हात उचलेना. ती पडल्या पडल्या जीभ गालात फिरवायची. जिथे ओबोल असायचा तिथे अकरा वर्षांच्या वजनाने एक छोटी खळी पडली होती. रिकामी खळी.

‘चालायचंच,’ तिने मनाशी म्हटलं. ‘चिखल तर चिखल.’ पण डोळ्यांतून पाणी येत होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी दार असं वाजलं की कोपऱ्यातलं मडकं हललं.

“मिर्तो! अगं ए मिर्तो! उघडतेस की मोडू?” आणि उत्तराची वाट न पाहता फानोने दार मोडलं.

ती आत आली, मिर्तोच्या कपाळावर हात ठेवला, शिवी दिली, माठातलं पाणी पाजलं, चूल पेटवून पेज चढवली. हे सगळं होईपर्यंत तिचं तोंड अखंड चालू होतं. “दोन दिवस बाजार इतका शांत, मला वाटलं माझेच कान गेले. पाववाला विचारतो, ती भांडखोर कुठाय? तेलवाला विचारतो, सराफसुद्धा विचारतो! पूर्वी तू चार-चार दिवस आली नाहीस तरी पत्ता लागायचा नाही गं. एकदा तर मी दिवसभर तुझ्या रिकाम्या जागेशी बोलले, घरी जाताना कळलं!”

“फानो,” मिर्तो कशीबशी म्हणाली, “मी गेले ना, तर माझ्या तोंडात काही नाही गं. ठेवायला कुणी नाही.”

फानोचा ढवळता हात थांबला.

“मी नाही का? मी ठेवीन की! त्यात काय एवढं? अकरा वर्षं हातभर अंतरावर बसते तुझ्या. यासाठी झुरत होतीस? अगं, मग मला विचारायचं होतंस!”

“विचारणार कशी?” मिर्तो म्हणाली. “तोंडात नाणं होतं ना!”

मग आधी फानोचा खांदा हलला, मग मिर्तोचा, आणि मग मिर्तो इतकी हसली की तिला खोकल्याची उबळ आली. फानो तिच्या पाठीवर थोपटत राहिली, आणि थोपटता थोपटता स्वतःचे डोळे कोपराने पुसत राहिली.

“पुरे. मरायचं काय ते नंतर बघू,” ती शेवटी म्हणाली. जवाची पेज तिने लाकडी चमच्यात घेतली, फुंकर घातली, दुसऱ्या हाताने मिर्तोची हनुवटी धरली. “आता तोंड उघड.”

मिर्तोने तोंड उघडलं, चांगलं वीतभर.

तात्पर्य: शेवटच्या प्रवासाची तजवीज जरूर करावी, पण त्यासाठी तोंड इतकं घट्ट मिटू नये, की शेजारी बसलेल्या माणसाला “माझं एवढं करशील का गं?” हे विचारायचंच राहून जाईल.